दुर्मिळ आजाराचा उपचार सरकारी विम्यात बसतो का? पुण्यात राहणाऱ्यांनी कुठे, काय आणि कसं विचारायचं

गोशे, पॉम्पे, एसएमए, एमपीएस, पीकेयू ही काही दुर्मिळ जनुकीय आजारांची नावं. यांपैकी एखादं नाव रिपोर्टवर आलं की घरातले पहिला प्रश्न विचारतात, 'हा आजार आयुष्मानमध्ये बसतो का?' प्रश्न साहजिक आहे, पण असा विचारला तर उत्तर बहुतेक वेळा चुकीचं मिळतं. कुणी 'बसतो' म्हणतं आणि औषधाच्या वेळी हात वर करतं. कुणी 'बसत नाही' म्हणून परत पाठवतं, आणि ज्या खर्चाला मंजुरी मिळाली असती तोही खिशातून जातो.

कारण असं की आपल्याकडच्या सरकारी योजना आजाराला मंजुरी देत नाहीत, ठरलेल्या उपचाराला देतात. त्या उपचाराला योजनेत 'पॅकेज' म्हणतात आणि प्रत्येक पॅकेजला कोड असतो. एकाच मुलाचा न्यूमोनिया योजनेत बसतो आणि त्याच्या शरीरात कमी असलेल्या एन्झाइमचं (पेशींना लागणाऱ्या प्रथिनाचं) इंजेक्शन बसत नाही, असं रोज घडतं. म्हणून आधी उपचाराचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागासाठी योग्य दार ठोठावायचं.

१. निदान कागदावर पक्कं करून घ्या

'मेटाबॉलिक डिसऑर्डर असावा' एवढं लिहिलेल्या डिस्चार्ज कार्डावर कुठलीही समिती पुढे सरकत नाही. डॉक्टरांकडून लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह आणि नोंदणी क्रमांकासह एक पत्र घ्या. त्यात आजाराचं पूर्ण नाव, प्रकार आणि आयसीडी-१० कोड (आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला क्रमांक) हवा. गोशे आणि फॅब्री दोन्ही ई७५.२ मध्ये येतात, पॉम्पे ई७४.० मध्ये, एमपीएस-१ ई७६.० मध्ये, एसएमए टाइप-१ जी१२.० मध्ये. एकाच आजाराची दोन नावं असली तर दोन्ही लिहून घ्या. एमपीएस-१ म्हणजेच हर्लर, एमपीएस-२ म्हणजेच हंटर. यादीत एक नाव आणि तुमच्या पत्रात दुसरं असेल, तर खिडकीवरचा माणूस 'यादीत नाही' म्हणून मोकळा होतो.

रिपोर्टमध्ये दोन ठिकाणी अडतं. पहिलं, टिपकागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबावरून केलेली एन्झाइमची तपासणी प्राथमिक चाळणीसाठी असते. ती कमी आली तर पांढऱ्या पेशींतून एन्झाइम तपासावं लागतं किंवा जनुकीय तपासणी करावी लागते, आणि निधीसाठी सहसा दोन्ही मागतात. दुसरं, जनुकीय रिपोर्टमध्ये निष्कर्षाच्या ओळीत 'पॅथोजेनिक' (आजार घडवणारा बदल) असं लिहिलंय की 'व्हेरियंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स', ते बघा. दुसरा शब्द असेल तर सापडलेल्या बदलामुळेच आजार झालाय हे अजून ठरलेलं नाही. अशा वेळी आईवडिलांचीही तपासणी करतात. ती आधीच करून घेतली तर फाइल परत येण्याची वेळ टळते.

२. उपचाराचे भाग पाडा

एका कागदावर रकाने आखा आणि डॉक्टरांसमोर बसून भरा:

– तपासण्या (एन्झाइम, जनुकीय, एमआरआय, इको)
– रुग्णालयात भरती (संसर्ग, झटके, श्वासाचा त्रास, शस्त्रक्रिया)
– आजारावरचं मुख्य औषध
– विशेष आहार
– प्रत्यारोपण (अस्थिमज्जा, यकृत)
– फिजिओथेरपी, स्पीच थेरपी, उपकरणं

मुख्य औषधाच्या रकान्यात ब्रँडचं आणि मूळ औषधाचं नाव, वजनानुसार डोस, किती दिवसांनी आणि वर्षाला किती व्हायल (औषधाच्या कुप्या), एवढं सगळं हवं. उदाहरणार्थ, पॉम्पेसाठीच्या अल्ग्लुकोसिडेज अल्फाचा नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी किलोमागे २० मिलिग्रॅम असतो. १२ किलोच्या मुलाला २४० मिलिग्रॅम लागतं. व्हायल ५० मिलिग्रॅमची, म्हणजे एका वेळी ५ आणि वर्षाच्या २६ डोसांना १३० व्हायल. तेच मूल १६ किलोचं झालं की ३२० मिलिग्रॅमसाठी ७ व्हायल लागतात आणि वर्षाचा आकडा १८२ वर जातो. वजन वाढणं ही आनंदाचीच गोष्ट, पण जुन्या वजनावर काढलेलं अंदाजपत्रक वर्ष संपायच्या आत अपुरं पडतं. म्हणून पत्रावर वजन आणि ते कोणत्या तारखेचं आहे हे दोन्ही लिहायला सांगा.

विशेष आहाराच्या रकान्यात आणखी काळजी घ्या. पीकेयू किंवा एमएसयूडी, म्हणजे प्रथिनांतले काही घटक शरीराला वापरता न येणारे आजार, असलेल्या मुलाला लागणारी पावडर हाच त्याचा उपचार आहे. पण बिलावर 'फूड' किंवा 'मिल्क पावडर' दिसलं की ते औषध नव्हे म्हणून नाकारलं जातं. डॉक्टरांनी पत्रात 'फूड फॉर स्पेशल मेडिकल पर्पज' हेच शब्द वापरावेत आणि याला पर्याय नाही असं स्पष्ट लिहावं.

३. महात्मा फुले आणि आयुष्मान भारत: भरतीचा खर्च इथे विचारा

महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन्ही योजना २०२० पासून एकत्र चालतात. पूर्वी पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांना बहुतेक ठिकाणी नकार मिळायचा. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली केली आणि संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाख केलं. प्रत्यक्ष अंमल १ जुलै २०२४ पासून सुरू झाला. त्यामुळे 'आमचं कार्ड पांढरं आहे, आम्हाला काही मिळत नाही' असं समजून घरी बसू नका.

या योजनेत आजार जुना आहे म्हणून किंवा जन्मजात आहे म्हणून नकार देता येत नाही, आणि प्रतीक्षाकाळही नसतो. दुर्मिळ आजाराच्या कुटुंबाला याचा मोठा आधार आहे. मात्र ओपीडीचा खर्च यात नाही. त्यामुळे भरती न होता केलेली जनुकीय तपासणी, दर महिन्याची औषधं आणि घरी घ्यायची पावडर यांची अपेक्षा इथे ठेवू नका.

विचारण्याची पद्धत अशी:

क) योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेतर्फे रुग्णांना मदत करणाऱ्या माणसाचा, कक्ष असतो, तिथे जा. ससूनमध्ये आहे, औंधच्या जिल्हा रुग्णालयात आहे, योजनेतल्या खासगी रुग्णालयांतही असतो. रुग्णालय योजनेत आहे एवढ्यावर थांबू नका. त्या विशेष शाखेसाठी, म्हणजे बालरोग, मज्जासंस्था किंवा अस्थिरोग, ते अंगीकृत, म्हणजे योजनेत मान्यता मिळालेलं, आहे का ते विचारा. काही पॅकेजेस फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात, तेही विचारा.

ख) 'गोशे बसतो का' असं न विचारता 'प्लीहा वाढल्यामुळे आणि रक्तस्राव झाल्यामुळे भरती करायचं आहे, यासाठी कोणतं पॅकेज लागेल, कोड काय, आणि त्यात कोणती औषधं धरली आहेत' असं विचारा. कोड लिहून घ्या. पॅकेजच्या ठरलेल्या रकमेत महागडं एन्झाइम बसणं अवघड आहे, पण भरतीचा बाकी खर्च बसू शकतो.

ग) पूर्वमंजुरी उपचाराच्या आधी लागते. तातडीच्या वेळी रुग्णालयाला फोनवरून तात्पुरती मंजुरी घेता येते, म्हणून भरती होतानाच काउंटरवर योजनेचं नाव घ्या. डिस्चार्जच्या दिवशी कार्ड पुढे केलं तर भरलेले पैसे परत मिळवणं फार कठीण जातं.

रेशनकार्डाबाबत पुण्यात सगळ्यात जास्त अडतं ते मुलाच्या नावावर. कार्डावर आईवडील असतात, दोन वर्षांच्या मुलाचं नाव चढवलेलंच नसतं. आपल्या भागाच्या परिमंडळ कार्यालयात जन्मदाखला आणि आधार देऊन नाव चढवा, १२ अंकी ऑनलाइन क्रमांक मिळालाय का बघा आणि ई-केवायसी पूर्ण करा. निदानाच्या तपासण्या चालू असतानाच हे काम उरकून टाका. दरम्यान भरतीची वेळ आलीच तर जन्मदाखला आणि आईवडिलांचं कार्ड घेऊन आरोग्यमित्राशी बोला.

योजनेचा हेल्पलाइन क्रमांक १५५३८८, टोल-फ्री १८०० २३३ २२००. आयुष्मानचा १४५५५. फोन केल्यावर तक्रार किंवा चौकशीचा क्रमांक मागून घ्या.

प्रत्यारोपणाचा रकाना भरलेला असेल तर आणखी एक प्रश्न विचारा. ५ लाखांत न मावणाऱ्या काही प्रत्यारोपणांसाठी राज्याने २०२५ मध्ये वेगळ्या राखीव निधीचा निर्णय घेतला. त्यात यकृत आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपण आहे. तुमच्या रुग्णालयाला तो लागू होतो का, हे तिथल्या प्रत्यारोपण समन्वयकाला विचारा.

४. राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण: मुख्य औषधाचं दार

महागड्या औषधासाठी खरा रस्ता हा आहे. तो विमा नाही, केंद्र सरकारची थेट आर्थिक मदत आहे, आणि आयुष्मान कार्डाशी तिचा संबंध नाही. धोरण मार्च २०२१ चं. धोरणात आजारांचे तीन गट आहेत, ते पुढे दिले आहेत. सुरुवातीला मदत फक्त पहिल्या गटाला आणि २० लाखांपर्यंत होती. मे २०२२ मध्ये ती तिन्ही गटांसाठी ५० लाखांपर्यंत केली. ही मर्यादा एका रुग्णासाठी एकूण आहे, दरवर्षी नव्याने मिळत नाही. जन्मभर औषध लागणार असेल तर हा फरक पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा.

तीन गट असे. पहिल्या गटात एकदाच करायच्या उपचाराने बरे होऊ शकणारे आजार, म्हणजे अस्थिमज्जा किंवा अवयव प्रत्यारोपणाचे. दुसऱ्यात विशेष आहार किंवा तुलनेने कमी खर्चाची, पण दीर्घकाळ घ्यायची औषधं लागणारे: पीकेयू, एमएसयूडी, टायरोसिनेमिया. तिसऱ्यात उपचार आहे पण अतिशय महाग असे: गोशे, पॉम्पे, फॅब्री, काही एमपीएस, एसएमए. यादीत सध्या साठहून अधिक आजार आहेत आणि ती वाढत आली आहे. आज नाव नसलं तरी काही महिन्यांनी पुन्हा पाहा.

हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल मात्र इथे शोधू नका. त्यांची सोय राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली वेगळी आहे. जिल्हा रुग्णालयात किंवा ससूनमध्ये रक्तविकारांच्या विभागात विचारा.

मदत मिळते ती फक्त सरकारने ठरवलेल्या उत्कृष्टता केंद्रांतून ('सेंटर ऑफ एक्सलन्स' म्हणून निवडलेल्या रुग्णालयांतून). पुणेकरांसाठी जवळचं केंद्र आहे मुंबईतलं परळचं केईएम. इथे पुण्यात हमखास गोंधळ होतो. रास्ता पेठेतलं केईएम रुग्णालय वेगळं, ट्रस्टचं आहे. परळचं केईएम मुंबई महापालिकेचं आहे. तपासणी आणि सल्ला रास्ता पेठेत घेऊ शकता, पण या धोरणाचा अर्ज परळलाच जातो. 'केईएमला दाखवलंय' असं फोनवर सांगताना कोणतं केईएम ते स्पष्ट सांगा.

पायऱ्या साधारण अशा:

क) पुण्यातल्या डॉक्टरांकडून परळच्या केईएमच्या जनुकीय किंवा दुर्मिळ आजार विभागाच्या नावाने संदर्भपत्र घ्या. ओपीडीचा वार आणि वेळ फोनवर विचारूनच निघा. नळ्या, ऑक्सिजन किंवा व्हीलचेअर लागणाऱ्या रुग्णाला पुणे–दादर प्रवास करून परत पाठवलं जाणं फार जड जातं.

ख) तिथले डॉक्टर रुग्णाला स्वतः तपासतात. नुसती फाइल पाठवून चालत नाही. जुने रिपोर्ट मान्य होतात, काही तपासण्या पुन्हा होऊ शकतात.

ग) केंद्राची समिती ठरवते की हा रुग्ण कोणत्या गटात, उपचाराचा फायदा किती अपेक्षित, किती औषध लागेल. तिसऱ्या गटातल्या काही आजारांत अवयवांचं मोठं नुकसान होण्याआधी उपचार सुरू होणं ही अटच आहे. म्हणून सुरुवातीची स्थिती दाखवणारे कागद महत्त्वाचे: इको, यकृत-प्लीहेचा आकार सांगणारी सोनोग्राफी, फुप्फुसांची चाचणी, चालण्याची चाचणी. जे वयानुसार शक्य असेल ते.

घ) मंजुरीनंतर पैसे उत्कृष्टता केंद्राकडे येतात, कुटुंबाच्या खात्यात नाही. औषध ते केंद्रच खरेदी करतं. 'आधी औषध विकत घ्या, नंतर बिलाचे पैसे परत करू' असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या दुर्मिळ आजार पोर्टलवर उत्कृष्टता केंद्रातर्फे रुग्णाची नोंद होते आणि लोकांना त्याला देणगी देता येते. नोंद झाली का, कोणत्या क्रमांकाने झाली, हे विचारून ठेवा. त्याचबरोबर देशाच्या दुर्मिळ आजार नोंदवहीत नाव जातंय का तेही विचारा.

सोबत न्यायचं:

– निदानाचं पत्र आणि सगळे मूळ रिपोर्ट, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स
– एमआरआयसारख्या तपासण्यांची फिल्म किंवा सीडी
– डोस, वजन, वार्षिक व्हायल आणि खर्चाचं अंदाजपत्रक
– जन्मदाखला, मुलाचं आणि आईवडिलांचं आधार
– रेशनकार्ड, अधिवास दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
– आधीच्या भरतींची डिस्चार्ज कार्डं तारखेच्या क्रमाने
– पासपोर्ट आकाराचे फोटो
– एक पानी सारांश: कधी काय झालं, कुठे दाखवलं, आता काय चालू आहे

हा शेवटचा कागद घरीच लिहा, मराठीत लिहिला तरी चालेल. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टर आधी तोच वाचतात.

५. नोकरीतून मिळणारा विमा आधी तपासा

घरात कुणाच्या पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल तर पहिली धाव तिकडे घ्या. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले (अपंग कर्मचाऱ्यांसाठी २५,०००) यात येतात आणि इथे ५ लाखांसारखी कौटुंबिक मर्यादा नाही. पुण्यात बिबवेवाडीला ईएसआयसीचं रुग्णालय आहे. अतिविशेष उपचारासाठी ठरावीक काळ नोकरी आणि वर्गणी भरलेली असावी लागते. शाखा कार्यालयातून आपल्या वर्गणीचा उतारा काढून घ्या.

इथला धोका पगारवाढीचा. पगार २१,००० च्या वर गेला तरी चालू वर्गणी-काळ संपेपर्यंत कपात आणि संरक्षण चालू राहतं. हे काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे आहेत, आणि त्यांचे लाभ पुढच्या जानेवारी-जून आणि जुलै-डिसेंबरमध्ये मिळतात. मूल उपचारावर असताना पगारवाढ किंवा नोकरीबदल समोर आला तर होकार देण्याआधी या तारखा कॅलेंडरवर मांडून बघा.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांनी सीजीएचएसच्या वेलनेस सेंटरमधून आणि माजी सैनिकांनी ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमधून लेखी संदर्भ घेऊनच पुढे जायचं. परस्पर उपचार करून आणलेलं बिल बहुतेक वेळा अडकतं.

६. उरलेल्या रकान्यांसाठी

वरच्या योजनांनी बरेच रकाने रिकामे राहतात. ते थोडे थोडे भरायचे.

धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात असतात. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. पुण्यातली बरीच मोठी रुग्णालयं ट्रस्टची असल्यामुळे याचा इथे खरोखर उपयोग होतो. वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. खाट शिल्लक नाही असं सांगितलं तर ते लेखी मागा आणि धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात विचारा.

पुणे महापालिकेच्या हद्दीत राहत असाल आणि उत्पन्न कमी असेल तर शहरी गरीब योजनेत वर्षाला १ लाखापर्यंत मदत मिळते. पिंपरी-चिंचवडकरांना ती लागू नाही. त्यांनी आपल्या महापालिकेच्या वैद्यकीय विभागात विचारावं.

बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्टची निरामय योजना बघा. रक्कम १ लाखापर्यंतच आहे, पण ओपीडी आणि थेरपी, म्हणजे आयुष्मानमध्ये न बसणारे खर्च, यात बसतात. त्यासाठी अपंगत्व प्रमाणपत्र लागतं.

० ते १८ वयाच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे. थेरपीचा रकाना भरायला तिथून सुरुवात करा.

७. औषध आयात करावं लागलं तर

धोरणाच्या यादीतल्या आजारासाठी स्वतःच्या वापराला मागवलेलं औषध किंवा विशेष आहार १ एप्रिल २०२३ पासून मूळ सीमाशुल्कातून मुक्त आहे. त्यासाठी राज्याच्या आरोग्य संचालकांचं किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र लागतं. पुणे जिल्ह्यासाठी औंधच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. औषध भारतात नोंदलेलं नसेल तर स्वतःच्या वापरासाठीच्या आयातीचा अर्ज नमुना १२-अ मध्ये करायचा, परवाना १२-ब मध्ये मिळतो. पार्सल विमानतळावर पोचल्यावर हे कागद जमवायला गेलात तर थंड ठेवायचं औषध खराब व्हायची भीती असते.

सप्टेंबर २०२५ मध्ये दुर्मिळ आजारांच्या अनेक औषधांवरचा जीएसटी शून्य झाला, आणि एसएमएसाठीच्या रिसडिप्लॅमची भारतीय कंपनीची आवृत्ती त्याच वर्षी बाजारात आली. जुनं अंदाजपत्रक असेल तर नव्या किमतीवर पुन्हा काढून घ्या. त्याच ५० लाखांत कितीतरी जास्त महिन्यांचं औषध बसू शकतं.

८. नकार मिळाला तर

तोंडी नकार धरू नका. तारीख, कारण आणि अधिकाऱ्याचं पद असलेला कागद मागा. कारण तीनच प्रकारचं असतं: कागद अपुरे, पॅकेज नाही, किंवा वैद्यकीय निकष पूर्ण होत नाहीत. पहिल्यात कागद पुरवून तोच अर्ज पुढे न्या. दुसऱ्यात डॉक्टरांना विचारा की हाच उपचार दुसऱ्या पॅकेजखाली रास्तपणे येतो का, आणि वरच्या चौथ्या भागातल्या धोरणाकडे वळा. तिसऱ्यात नव्या तपासण्यांसह पुनर्विचार मागा. फुले योजनेची तक्रार हेल्पलाइनवर नोंदवा, दुर्मिळ आजार धोरणाच्या मदतीबद्दल केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर लिहा. अर्ज कुठे थांबलाय तेच कळत नसेल तर १० रुपये शुल्काचा माहिती अधिकार अर्ज करा. त्यात 'अर्ज क्रमांक अमुक, आज कोणत्या टेबलावर आहे' एवढा एकच प्रश्न विचारा.

९. मंजुरी मिळाल्यावर

दर डोसाची तारीख, वजन, व्हायलचा बॅच क्रमांक आणि त्या दिवशी काही त्रास झाला का, हे एका वहीत लिहा. पुढची खेप मागताना उत्कृष्टता केंद्र हेच विचारतं. प्रत्येक खरेदीनंतर ५० लाखांतले किती उरले ते लेखी विचारा. उरलेल्या रकमेला सध्याच्या वजनाच्या मासिक खर्चाने भागा. उत्तर सहा महिन्यांच्या खाली आलं की औषध चालू असतानाच देणगी, कंपनीची रुग्ण-मदत योजना आणि डॉक्टरांचं नवं पत्र यांच्या कामाला लागा. औषधात खंड पडला तर आधी झालेली सुधारणा मागे जाऊ शकते.